परवाना म्हणजे नुसता कागद नाही: एका पुलाची आणि एका जहाजाची गोष्ट

आजचा विषय ऐकून तुमचं बोट लगेच पुढच्या भागाकडे जाईल, कारण विषय आहे ‘परवाना’. पालिकेचा परवाना म्हटलं की आपल्याला रांग, फी आणि शिक्के आठवतात. पण ज्वलनशील किंवा स्फोटक माल ठेवणाऱ्या धंद्यांना परवाना का लागतो, याच्या मागे खरोखरचा धूर आहे.

चला लंडनला. २ ऑक्टोबर १८७४, पहाटे पाच वाजायच्या जरा आधी. रीजंट्स कालव्यातून एक वाफेची टग बोट मागे बार्जेसची रांग ओढत चालली होती. त्यातल्या ‘टिलबरी’ नावाच्या बार्जवर साखर, कॉफी, सुकामेवा, दोन-तीन पिंपं पेट्रोलियम आणि सुमारे पाच टन बंदुकीची दारू होती. हो, सगळं एकत्र! मॅकल्सफील्ड पुलाखाली बार्ज आली आणि स्फोट झाला. बार्जवरचे तिघे जण गेले, पूल कोसळला, आजूबाजूच्या घरांचं प्रचंड नुकसान झालं.

चौकशी केली मेजर व्हिव्हियन मॅजेंडी यांनी. निष्कर्ष असा निघाला की पेट्रोलियमची वाफ केबिनपर्यंत गेली, तिथल्या आगीने ती पेटली आणि मग दारू उडाली.

आता गंमत बघा. दारूसाठी १८६० चा कायदा होता, पेट्रोलियमसाठी १८७१ चा. म्हणजे दोन्ही गोष्टींवर नियम होते, पण ते वेगवेगळे. मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे मला हे लगेच ओळखीचं वाटलं. दोन मॉड्यूल आपापल्या टेस्ट पास करतात आणि जोडले की सिस्टिम कोसळते. धोका मालात जेवढा असतो तेवढाच शेजारात असतो.

पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्फोटकांचा कायदा आला, १८७५ चा. रेल्वे आणि कालवा कंपन्यांना वाहतुकीचे नियम करायला लावले. कारखाना किंवा मोठं कोठार उभारायचं तर परवाना वरून, सरकारकडून. पण जागेला स्थानिक यंत्रणेची संमती हवी आणि त्याआधी जाहीर नोटीस द्यायची, म्हणजे शेजाऱ्यांना हरकत घेता येईल. छोट्या साठ्यांचे परवाने तर थेट स्थानिक यंत्रणेकडेच. यामागचा विचार साधा आहे: आग लागली तर ती गल्लीत लागते, मग गल्लीला विचारायला नको?

भारतात स्फोटकांचा कायदा आला १८८४ मध्ये. मुंबईसाठी १८८८ चा महापालिका कायदा आला. त्यातलं कलम ३९४ आजही लागू आहे. ठराविक वस्तू ठेवायच्या किंवा ठराविक धंदे करायचे तर आयुक्तांचा परवाना हवा. सोबत ‘शेड्यूल एम’ नावाची यादी आहे आणि काही वस्तूंना ‘इतक्या प्रमाणापुढे परवाना’ अशी मर्यादा आहे. शिवाय जिवाला, आरोग्याला किंवा मालमत्तेला धोकादायक वाटेल असा धंदाही आयुक्त या कलमाखाली आणू शकतात. भाषा रुक्ष आहे, पण आतला प्रश्न एकच: तुझ्या गोदामाच्या भिंतीपलीकडे कोण झोपतं?

मग १४ एप्रिल १९४४. मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजातून सोन्याच्या विटा उडाल्या, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि कराचीला त्यात कापसाच्या हजारो गासड्या चढवल्या होत्या. कापूस धुमसला, आग स्फोटकांपर्यंत गेली. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसं मेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी.

म्हणजे टिलबरीनंतर सत्तर वर्षांनी तीच चूक, फक्त कित्येक पटींनी मोठी. शहराच्या गोदामांसाठी कलम ३९४ होतं, पण गोदीचा कारभार वेगळा आणि युद्धाची घाई वेगळी. स्फोटकांनी भरलेलं जहाज थेट भरवस्तीलगत आलं. मांडवीच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं, आणि जळलं मात्र त्याचंच घर.

आज स्फोटकांच्या किंवा पेट्रोलियमच्या मोठ्या साठ्यासाठी परवाना केंद्रीय यंत्रणा देते आणि जागेसाठी जिल्हा प्रशासनाचा ना-हरकत दाखला लागतो. १८७५ चीच रचना, नाव बदललं इतकंच. पण दाखला एका मालासाठी, एका दिवसासाठी खरा असतो. नंतर शेजारी काय आलं, वरच्या मजल्यावर कोण राहायला आलं, हे कोणीतरी पुन्हा येऊन बघावं लागतं. तपासणी नसेल तर परवाना म्हणजे पावती.

मॅकल्सफील्ड पूल नंतर पुन्हा बांधला, जुनेच ओतीव लोखंडाचे खांब वापरून. मात्र खांब फिरवून बसवले गेले. त्यामुळे बोटी ओढणाऱ्या दोरांनी पडलेल्या खाचा दोन्ही बाजूंना दिसतात: एका बाजूला स्फोटाआधीच्या, दुसरीकडे नंतरच्या.

तुमच्या गल्लीत केमिकलचं, फटाक्यांचं किंवा थिनरचं दुकान असेल, तर आत लावलेला परवाना एकदा वाचा. कशाचा आहे, किती मालाचा आहे, मुदत कधीपर्यंत आहे. दोन मिनिटं लागतात. भेटू पुढच्या भागात!