पानशेत पूर, १९६१

पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी मुठा नदीला आलेला प्रलयंकारी पूर. अंबी नदीवरील पानशेत धरण आणि त्याखालचे खडकवासला धरण एकाच सकाळी फुटल्याने तो आला. पुणेकर या घटनेला नुसते ‘पानशेत’ म्हणतात.

पार्श्वभूमी. अंबी ही मुठेची उपनदी. तिच्यावरील मातीच्या धरणाचे काम १९५७ मध्ये सुरू झाले आणि १९६१ च्या पावसाळ्यात ते अपुरे असतानाच पाणी अडवले गेले. त्या वर्षीचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशाच्या नोंदींतील सर्वाधिक पावसांपैकी एक होता. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच तलाव झपाट्याने भरला. खालचे खडकवासला धरण दगडी, १८७० च्या दशकात फाईफ या लष्करी अभियंत्याच्या योजनेनुसार बांधलेले. शहराचे पिण्याचे पाणी त्याच तलावातून येई.

धरणफुटीची यंत्रणा. मातीच्या धरणाला माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही. म्हणून जादा पाण्याला सांडवा आणि तळाशी विमोचक, म्हणजे पाणी सोडण्याची वाट, लागतो. पानशेतच्या विमोचकाची मोरी भरावाच्या पोटातून जात होती. तिच्या कमानीत लोखंडी सळ्या नव्हत्या, दारे पूर्ण बसलेली नव्हती आणि ती वरखाली करण्याची व्यवस्था अपुरी होती. अर्धवट उघड्या दारांखालून पाणी जोराने, हिसके देत वाहू लागले. त्या हादऱ्यांनी कमान ढासळली, वरची माती आत खचत गेली आणि धरणाचा माथा त्या जागी खाली बसू लागला. ११ जुलैच्या रात्री जवानांनी आणि कामगारांनी भर पावसात वाळूची पोती रचून माथा उंच राखण्याचा प्रयत्न केला. शहराला मिळालेल्या वेळात या रात्रीच्या श्रमांचा मोठा वाटा आहे. त्यांची नोंद सहसा एका वाक्यात उरकली जाते. सकाळी सातच्या सुमारास भराव फुटला.

लोंढा खडकवासल्याच्या तलावात उतरला. दोन्ही तलावांतील तफावत आजच्या साठ्यांवरूनही कळते : पानशेत १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), खडकवासला १.९७ टीएमसी. एवढे पाणी पोटात घेणे खालच्या धरणाला शक्यच नव्हते. तरीही दगडी भिंत माथ्यावरून पाणी वाहत असताना काही तास टिकली आणि मग फुटली.

शहरातील पूर. मुठेवरचे पूल पाण्याखाली गेले आणि शहराचे दोन भाग झाले. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार आणि मंगळवार या पेठा, पुलाची वाडी, डेक्कन जिमखाना व शिवाजीनगरचा नदीकाठ यांना मोठा तडाखा बसला. माती-विटांचे, लाकडी सांगाड्याचे जुने वाडे पाण्यात भिजून बसले. संध्याकाळी पाणी ओसरले, मागे गाळ राहिला. धरण गेल्याने नळ कोरडे पडले आणि पुणेकर वाड्यांतील आडांकडे आणि पेशवेकालीन हौदांकडे वळले.

प्राणहानी. सुमारे एक हजार हा आकडा सहसा दिला जातो. तो अंदाज आहे. पाणी दिवसाउजेडी आले म्हणून असंख्य लोक वाचले, याबद्दल दुमत नाही. लोकांना इशारा केव्हा आणि किती स्पष्ट दिला गेला, याबद्दल मात्र एकवाक्यता नाही.

चौकशी. शासनाने न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला. काम पूर्ण होण्याआधीच त्यांचे निधन झाले. पुढे न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने चौकशी पुरी केली.

पुनर्वसन. तातडीचा निवारा म्हणून अर्धगोल पत्र्यांच्या निसन हट उभारल्या गेल्या. नंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती वाढल्या. पेठांत दाटीने राहणारे शहर नदीपासून दूर, टेकड्यांच्या पायथ्याकडे सरकले. पूरग्रस्तांच्या सोसायट्यांना भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न कित्येक दशके चालला.

धरणांची पुनर्बांधणी. दोन्ही धरणे पुन्हा बांधण्यात आली. पानशेतच्या जलाशयाचे नाव तानाजीसागर.

स्मृती. पुण्याच्या बोलण्यात काळाचे ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ असे दोन भाग पडले. ‘पानशेत झालं तेव्हा मी चौथीत होतो’ असे वय सांगितले जाते. लग्नाचे फोटो, शाळेचे दाखले, घराची कागदपत्रे का नाहीत, याला ‘पानशेतात गेले’ एवढे उत्तर पुरते. आजी-आजोबांच्या तोंडी पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले होते याचा हिशेब असे. जलशास्त्राच्या दृष्टीने हा हिशेब मोलाचा आहे, कारण जिना जागेवर असेल तर पूरपातळी आजही मोजता येते. वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या तशा पायऱ्याही गेल्या. दरम्यान मुठेच्या पात्रात रस्ता झाला, काठावर बांधकामे आली. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याजवळील एकतानगरी बुडाली. त्या वेळी धरण फुटले नव्हते. नदी तिच्या पात्रातूनच वाहत होती. १९६१ च्या पातळ्या सांगू शकणारी माणसे आता थोडी आहेत. त्यांच्या आठवणीतील पायरी, चौकट, कोनाडा जागेवर जाऊन मोजून ठेवण्याचे काम अजून करता येण्यासारखे आहे.