वज्रामागचं घर : सावित्रीबाई खानोलकर



या व्याख्यानासाठी संयोजकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी विषय सांगितला, 'सैनिकपत्नी आणि माता'. आम्ही म्हटलं, हे शब्द फार मोठे आहेत. एवढ्या मोठ्या शब्दांत माणूस दिसेनासा होतो. त्यापेक्षा एका बाईचं आयुष्य डोळ्यांसमोर ठेवू आणि तिथून या शब्दांकडे पाहू. म्हणून आज सावित्रीबाई खानोलकरांविषयी बोलायचं आहे.

त्यांचं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. परमवीर चक्राची रचना कोणी केली? सावित्रीबाई खानोलकर. त्या मूळच्या कुठल्या? युरोपातल्या. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एवढंच असतं. ७७ वर्षांचं आयुष्य आणि त्याची ही एक ओळ. ती ओळ खरी आहे, पण ती चुकीच्या टोकापासून सुरू होते असं आम्हाला वाटतं. ते पदक त्यांच्या हातून घडलं, त्याआधी त्या जवळजवळ सोळा-सतरा वर्षं लष्करातल्या माणसाचा संसार करत होत्या.

आता क्रमाने पाहू. २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या नोशातेल इथे त्यांचा जन्म झाला. नाव ईव्ह इव्होन. वडील हंगेरीचे, आई रशियाची. वडील जिनिव्हात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते आणि राष्ट्रसंघाच्या ग्रंथालयाचंही काम पाहत, त्यामुळे मुलगी पुस्तकांतच वाढली आणि पुस्तकांतूनच तिला भारत भेटला. १९२९ साली शामोनी या डोंगराळ गावी तिची एका तरुणाशी ओळख झाली. विक्रम खानोलकर हे त्याचं नाव. इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकणारा हा मराठी मुलगा सुट्टीत तिथे आला होता. मुलीचं वय तेव्हा सोळा. वडिलांनी एवढ्या दूर पाठवायला नकार दिला. इकडे खानोलकरांच्या घरीही आनंदीआनंद नव्हता. तरी ती आली, आणि १९३२ साली लखनौला लग्न झालं. ईव्हची सावित्री झाली.

त्या काळच्या छावणीची कल्पना करा. फौज इंग्रजांची, तिच्यात हिंदी अधिकारी अगदी मोजके, आणि त्यातल्या एकाची बायको युरोपीय. साहेबांच्या बायकांना ती आपली वाटणार नाही, आणि आपल्याकडच्या बायकाही सुरुवातीला बिचकूनच पाहणार. अशा वेळी माणूस एक तर रुसून बसतो, नाहीतर मुळं धरतो. सावित्रीबाईंनी मुळं धरली. साडी नेसल्या, मांसाहार सोडला, मराठी शिकल्या, हिंदी आणि संस्कृत शिकल्या. आपण चुकून युरोपात जन्मलो, असं त्या म्हणत.

लष्करी नोकरी म्हणजे बदली. ज्यांच्या घरात कोणी फौजेत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन-तीन वर्षं झाली की ट्रंका भरायच्या, पडदे काढायचे, पोरांची शाळा बदलायची. नवऱ्याच्या बदलीबरोबर बाईचं सगळं चालू काम बुडतं. सावित्रीबाईंनी बदलीचाच अभ्यास करून टाकला, असं म्हणायला हरकत नाही. नवऱ्याची पाटण्याला नेमणूक झाली तर त्या पाटणा विद्यापीठात जाऊन संस्कृत नाटक, वेद, उपनिषदं शिकू लागल्या. उदय शंकरांकडे नृत्यही शिकल्या. पुढे संतांवर पुस्तक लिहिलं, 'सेंट्स ऑफ महाराष्ट्र'. हे सगळं चालू होतं ते दोन मुलींना वाढवत. आणि फाळणी झाली तेव्हा निर्वासितांसाठी, तसंच सैनिकांच्या कुटुंबांसाठी त्यांनी काम केलं. ही शेवटची गोष्ट जरा लक्षात ठेवा.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिशांची पदकं चालणार नव्हती. नवी हवी होती. हे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होतं. त्यांनी सावित्रीबाईंना विचारलं. एका सहकाऱ्याच्या बायकोला, जी चित्रं काढते आणि जिला पुराणं ठाऊक आहेत. सावित्रीबाईंनी दधीची ऋषींची कथा घेतली. वृत्रासुराला मारायला देवांना शस्त्र हवं होतं, दधीचींनी आपली हाडं दिली, त्यांचं वज्र झालं. परमवीर चक्र पाहा: कांस्य धातूचं साधं गोल पदक, मधे राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, वर जांभळी फीत. सोनं नाही, रत्नं नाहीत. २६ जानेवारी १९५० रोजी हा सन्मान सुरू झाला, आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमाला तो लागू केला गेला.

पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. ३ नोव्हेंबर १९४७, काश्मीरमधलं बडगाम. हात प्लास्टरमध्ये असतानाही ते लढायला गेले होते. वय २४. आणि हे सोमनाथ शर्मा कोण? सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचे दीर. ज्या बाईने वज्र रेखाटलं, त्या बाईच्या व्याह्यांच्या घरी ते पहिल्यांदा गेलं. लोक याला योगायोग म्हणतात. असेलही.

इथे आम्हाला आमच्या वर्गातली एक गोष्ट सांगायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची. आम्ही प्रश्नोपनिषद शिकवत होतो, ओघात दधीचींचा त्याग आला. वर्गात एक विद्यार्थिनी होती, लग्न झालेली, नवरा सीमेवर. तिने विचारलं, "सर, दधीचींच्या घरी कोण कोण होतं?" आम्ही गप्प झालो. तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन इतकी वर्षं शिकवत होतो, पण हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

घरी येऊन शोधलं. शिवपुराणात उत्तर आहे. घरी बायको होती, सुवर्चा नावाची, आणि ती गरोदर होती. देहत्यागाच्या वेळी ती तिथे नव्हती. परत आली तर पतीचा देह गेलेला. तिने काय केलं? 'धन्य माझा पती' म्हणून ती शांत बसली नाही. तिने देवांना शाप दिला! मग पतीमागे जायला निघाली, तेव्हा पोटातल्या बाळाची आठवण करून देणारी आकाशवाणी झाली. बाळ जन्मलं, पिंपळाखाली वाढलं, म्हणून पिप्पलाद. प्रश्नोपनिषदातले उत्तरं देणारे ऋषी पिप्पलाद ते हेच, असं परंपरा मानते. म्हणजे आम्ही ज्याचं उपनिषद शिकवत होतो, त्याच्याच आईला विसरलो होतो.

आमचा मुद्दा एवढाच आहे. त्याग ही गोष्ट माणूस स्वतःपुरती करू शकतो. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग आपण परस्पर करू शकत नाही. दधीचींनी स्वतःची हाडं दिली, ती त्यांची होती. पण त्याच क्षणी सुवर्चेचं घरही दिलं गेलं, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. आपल्या पुराणकारांना हे कळत होतं, म्हणून त्यांनी तिच्या तोंडी शाप घातला. आपण मात्र वज्र ठेवलं आणि शाप वगळला. सैनिकाच्या बायकोला 'त्यागमूर्ती' म्हटलं की तिची तक्रार ऐकावी लागत नाही, मूर्ती बोलत नसते ना.

सावित्रीबाईंना सुवर्चा ठाऊक होती का? त्यांचा पुराणांचा अभ्यास पाहता आम्हाला वाटतं, असावी. हा आमचा तर्क आहे, पुरावा नाही. पण त्यांच्या वागण्याचा पुरावा आहे. पदक काढून त्या थांबल्या नाहीत, ज्यांच्या घरी माणूस परतला नाही त्या घरांत त्या जात राहिल्या. आजवर परमवीर चक्र २१ जणांना मिळालं. त्यातली १४ मरणोत्तर. म्हणजे चौदा वेळा ते वीराच्या छातीवर लागलंच नाही, त्याच्या घरच्यांकडे गेलं. पदकाचा घेर तळहातात मावेल एवढा. घरी कोणाचा तरी तळहात असतोच.

१९५२ साली विक्रम खानोलकर गेले. सावित्रीबाईंनी अजून चाळिशीही गाठली नव्हती. वटपौर्णिमेच्या सावित्रीला यमाकडून नवरा परत आणता आला. ज्या सावित्रीचं नाव हिने घेतलं, तिची कथा हिच्या वाट्याला आली नाही. परत युरोपात जाणं शक्य होतं. त्या गेल्या नाहीत. रामकृष्ण मठाच्या आधाराने उरलेलं आयुष्य त्यांनी अध्यात्मात घालवलं. आई म्हणून, विधवा म्हणून, अभ्यासक म्हणून आणखी अडतीस वर्षं. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचं निधन झालं. या अडतीस वर्षांवर सामान्यज्ञानाच्या पुस्तकात प्रश्न नसतो.

त्या विद्यार्थिनीला आम्ही पुढच्या तासाला सुवर्चेची गोष्ट सांगितली. ती ऐकून म्हणाली, "बरं झालं, शाप तरी दिला." वर्ग हसला. आम्हाला काही हसू आलं नाही.

तेव्हा येत्या २६ जानेवारीला दिल्लीतलं संचलन पाहताना, परमवीर चक्राचं नाव निघालं की दोन गोष्टी आठवा. ज्याला ते मिळालं त्याचं नाव तर आठवाच. आणि मनातल्या मनात विचारा, त्याच्या घरी कोण कोण होतं? मग तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असं घर असेल, तर तिथे एकदा जाऊन या. भाषण करू नका. त्या काय म्हणतात ते ऐका. तक्रार असेल तर तीही ऐका.