कायदा कागदावर, गळती जमिनीत : अमेरिकेतल्या इंधनटाक्यांचा धडा

'कायदा झाला, आता प्रश्न सुटला' असे मानणारे कार्यकर्ते आम्हाला नेहमी भेटतात. 'कायद्याने काही होत नसते' असे ठणकावून सांगणारेही तितकेच भेटतात. आमच्या मते या दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत. पहिली घेतली की कायदा मंजूर झाल्यावर पेढे वाटून घरी जाता येते आणि दुसरी घेतली की घराबाहेर पडावेच लागत नाही. कायदा कशाने राबतो आणि कुठे अडतो, हा मधला कंटाळवाणा प्रश्न मात्र दोन्हींतून सुटतो. म्हणूनच आम्ही आज एक वेगळा इतिहास मांडणार आहोत. तो मोर्च्यांचा नाही. अमेरिकेतल्या पेट्रोल पंपांखाली पुरलेल्या टाक्यांचा आहे.

पेट्रोल पंपावर आपल्याला दिसते ते फक्त यंत्र आणि नळी. इंधनाचा साठा असतो पायाखाली. आगीची भीती म्हणून टाकी जमिनीत पुरायची, ही जुनी पद्धत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी वाढल्या, महामार्ग झाले, शहराबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि चौकाचौकांत पंप आले. त्या पंपांखालच्या बहुतेक टाक्या साध्या पोलादाच्या होत्या. वर गंजरोधक संरक्षण नाही, एकच भिंत. ओल्या मातीत उघडे पोलाद गंजणारच. आगीपासून लोकांना वाचवण्यासाठी टाकी नजरेआड केली आणि नजरेआड केल्यामुळेच तिला पडलेले छिद्र कोणाला दिसेना.

अमेरिकेतली जवळपास निम्मी जनता पिण्यासाठी भूजलावर अवलंबून आहे. पेट्रोलमध्ये बेंझिन असते आणि त्याने कर्करोग होतो. तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात बेंझिनची कमाल मर्यादा एक अब्ज भागांत फक्त ५ भाग इतकी आहे. म्हणजे टाकीतून थेंब थेंब झिरपले तरी विहीर वाया जाऊ शकते. १९७७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात प्रॉव्हिन्सटाउन या किनाऱ्यावरच्या गावाला याचा अनुभव आला. पंपाच्या टाकीतून गळालेले पेट्रोल गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरींच्या दिशेने गेले आणि त्या विहिरी बंद कराव्या लागल्या. अशी प्रकरणे ठिकठिकाणी होत होती. पण प्रत्येक गावाला वाटे की हे आपल्यापुरतेच आहे. संकट सर्वांचे असूनही प्रत्येकाला एकट्याचे वाटते, तोवर कायदा होत नाही. हे समाजशास्त्राचे साधे निरीक्षण आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये सीबीएस वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमाने गळक्या टाक्यांचा विषय देशभर दाखवला. विखुरलेल्या तक्रारींचा राष्ट्रीय प्रश्न झाला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८४ मध्ये, अमेरिकी संसदेने घनकचरा व घातक कचऱ्याच्या कायद्यात दुरुस्ती करून भूमिगत टाक्यांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले. अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. उद्योगांवरची सरकारी बंधने कमी करण्याची भाषा करणाऱ्या राजवटीत हा कायदा झाला, हे लक्षात घ्यावे लागेल. विहिरीत पेट्रोल आले की 'सरकारने लुडबूड करू नये' हे तत्त्वज्ञान गळून पडते.

आता कायद्याच्या आत डोकावू. सर्वांत आधी नुकसान वाढणे थांबवले. १९८५ पासून संरक्षणाविना उघड्या पोलादाची टाकी पुरायला बंदी झाली. मग मोजणी. मे १९८६ पर्यंत प्रत्येक मालकाने आपल्या टाकीची माहिती राज्याच्या यंत्रणेला कळवायची होती. देशात अशा किती टाक्या आहेत हे तोवर सरकारलाच ठाऊक नव्हते. मोजल्यावर आकडा वीस लाखांच्या घरात गेला. ज्याची गणना नाही त्याचे धोरण होत नाही, हे जातनिहाय जनगणनेची मागणी करणाऱ्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

मुख्य नियम सप्टेंबर १९८८ मध्ये जाहीर झाले आणि २२ डिसेंबर १९८८ पासून लागू झाले. नव्या टाकीला पहिल्या दिवसापासून सर्व अटी लागू. जुन्या टाक्यांना दोन मुदती दिल्या. पहिली मुदत गळती ओळखण्याची व्यवस्था बसवण्याची होती आणि ती टाकीच्या वयावर ठरवली. १९६५ पूर्वीची किंवा वय माहीत नसलेली टाकी डिसेंबर १९८९ पर्यंत, १९६५ ते १९६९ मधली १९९० पर्यंत, असे करत सर्वांत तरुण टाक्यांची पाळी १९९३ मध्ये आली. आमच्या मते हा नियम शहाणपणाचा होता. ज्याच्याकडे टाकीची नोंद नाही त्याला संशयाचा फायदा दिला नाही. नोंद नाही म्हणजे टाकी सर्वांत जुनी, असे धरले.

दुसरी मुदत टाकी सुधारण्याची होती : २२ डिसेंबर १९९८, म्हणजे पूर्ण दहा वर्षे. त्या दिवसापर्यंत टाकी सुधारा, बदला किंवा रीतसर बंद करा. सुधारणा म्हणजे तीन गोष्टींपासून संरक्षण : गंज, सांडणे आणि ओसंडणे. गंजासाठी टाकीला आतून अस्तर लावायचे किंवा तिला जस्त अथवा मॅग्नेशियमचे तुकडे तारेने जोडायचे. मग टाकीऐवजी ते तुकडे झिजतात. बाहेरून वीजप्रवाह सोडूनही हेच साधता येते. टँकरची नळी काढताना सांडणारे इंधन झेलायला भरणीच्या तोंडाशी बादलीसारखे भांडे बसवायचे. टाकी भरत आली की प्रवाह आपोआप तुटेल किंवा भोंगा वाजेल अशी सोय करायची. नवी टाकी घ्यायची तर फायबरग्लासची घेता येई. यात अवघड विज्ञान काहीच नव्हते. प्रश्न फक्त पैशाचा आणि इच्छेचा होता.

पैशाचा विचारही कायद्यानेच केला. १९८६ साली गळक्या टाक्यांसाठी विशेष निधी उभारला. इंधनाच्या प्रत्येक गॅलनवर, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरवर, एका सेंटचा दहावा भाग इतका कर बसवला. मालक सापडत नसेल किंवा त्याच्याकडे पैसा नसेल, तरी सफाई थांबू नये हा उद्देश. शिवाय इंधन विकणाऱ्या मालकाने प्रत्येक गळतीमागे दहा लाख डॉलरपर्यंतची भरपाई देण्याची ऐपत विम्याने किंवा अन्य मार्गाने दाखवायची होती. अनेक राज्यांनी त्यासाठी आपापले निधी काढले.

यावर छोट्या पंपमालकांची ओरड झाली आणि ती अगदीच खोटी नव्हती. खेड्यातल्या एकुलत्या एका पंपाला नवी टाकी झेपत नव्हती आणि असे कितीतरी पंप बंद झाले. पण प्रतिप्रश्न असा की, पंप वाचवण्यासाठी शेजारच्या विहिरीने किंमत मोजावी का? धंद्याचा नफा एकाचा आणि दूषित पाणी दुसऱ्याचे, हा हिशेब कोणत्या न्यायात बसतो? मुदत जवळ आली तसा ती वाढवण्याचा आग्रह झाला. पर्यावरण संरक्षण संस्थेने ती वाढवली नाही.

इथवर वाचून वाटेल की ही यशोगाथा आहे. तसे नाही. २००१ साली अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामकाजाची तपासणी करणाऱ्या कार्यालयाने या टाक्यांवर अहवाल दिला. सुमारे ८९ टक्के टाक्यांवर कायद्याने सांगितलेली उपकरणे बसली होती. पण दोन लाखांहून अधिक टाक्या, म्हणजे जवळजवळ २९ टक्के, नीट चालवल्या किंवा राखल्या जात नव्हत्या. उपकरण आहे, पण बंद. भोंगा आहे, पण तो वाजला तर काय करायचे हे कामगाराला शिकवलेलेच नाही. आणि पाहणारे कोण? पन्नास राज्यांपैकी फक्त १९ राज्ये आपल्या सर्व टाक्या दर तीन वर्षांतून एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन तपासत होती. १९८४ च्या कायद्याने वस्तू बसवायला सांगितली होती. ठरावीक काळाने तपासणी करण्याची सक्ती केली नव्हती.

याच काळात कॅलिफोर्नियात आणखी एक गोष्ट उघडी पडली. हवा स्वच्छ राहावी म्हणून पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचे रसायन मिसळले जात होते आणि १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीनंतर त्याचा वापर खूप वाढला. हे रसायन पाण्यात सहज विरघळते आणि मातीतून झपाट्याने पुढे सरकते. १९९६ साली सांता मोनिका शहराला त्यामुळे आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला. एका खात्याने हवेचा विचार केला आणि त्याची शिक्षा पाण्याला मिळाली.

ऑगस्ट २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने मग चुकलेले दुवे जोडले. १९९८ च्या मुदतीनंतर ज्या टाकीची तपासणीच झाली नव्हती ती दोन वर्षांत तपासायची आणि त्यानंतर प्रत्येक टाकी दर तीन वर्षांनी. टाकी चालवणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या स्रोतापासून १००० फुटांच्या आत नवी टाकी बसवायची तर ती दुहेरी भिंतीची हवी. ज्या राज्याला हे नको त्याने टाकी बनवणाऱ्यांवर आणि बसवणाऱ्यांवर आर्थिक जबाबदारी टाकायची. आणि सर्वांत परिणामकारक तरतूद अशी की, नियम मोडणाऱ्या टाकीत इंधन ओतायलाच मनाई. दंड भरून धंदा चालू ठेवता येतो, पण टाकीच रिकामी राहिली तर धंदा त्याच दिवशी बसतो.

आमच्या वाचकांनी एक बाब खास लक्षात ठेवावी. २००५ च्या कायद्यातल्या दुहेरी भिंतीच्या आणि प्रशिक्षणाच्या अटी राज्यांमार्फत राबवायच्या होत्या. अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींच्या भूमीवर राज्यांचा हा अंमल चालत नाही. म्हणून तिथल्या टाक्यांना त्या अटी लागू झाल्या नाहीत. ही उणीव २०१५ च्या सुधारित नियमांनी भरून काढली. म्हणजे देशाचे पाणी राखण्याच्या कामात देशाचे मूळ रहिवासी दहा वर्षे मागे राहिले. कोणी दुष्टपणे त्यांना वगळले असे आम्ही म्हणत नाही. मसुद्याच्या एका कलमात ते आले नाहीत, इतकेच. वंचितांचे वगळले जाणे बहुतेक वेळा असेच घडते, आवाज न करता.

निधीचे काय झाले तेही पाहू. टाक्यांच्या सफाईसाठी प्रत्येक गॅलनमागे गोळा झालेल्या पैशातून २०१२ साली संसदेने २४० कोटी डॉलर महामार्गांच्या निधीत वळवले. तेव्हा हजारो ठिकाणची सफाई बाकी होती. राखीव निधी दुसरीकडे वळवण्याची कला आपल्या राज्यकर्त्यांनीच शोधली, असा कोणाचा समज असेल तर तो दूर व्हावा.

तरीही कायदा निरर्थक ठरला नाही. १९९० च्या सुमारास वर्षाला साठ हजारांहून अधिक नव्या गळत्या नोंदल्या जात होत्या. अलीकडच्या वर्षांत हा आकडा पाच हजारांच्या आसपास आला आहे. एकूण साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांपैकी सुमारे नव्वद टक्के ठिकाणांची सफाई झाली. वीस लाख टाक्यांपैकी आज वापरात उरल्या आहेत साडेपाच लाखांच्या आत. हे एका सहीने झाले नाही. १९८४, १९८८, २००५, २०१५ असे त्याच कायद्याला पुन्हा पुन्हा हात घालावे लागले.

आता आपल्याकडे येऊ. भारतात पंपांच्या साठ्याचा परवाना १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे नियम यांखाली मिळतो. तो देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार शाळा, दहा किंवा त्याहून अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी भाग यांपासून नवा पंप ५० मीटर दूर हवा. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून अंतर कमी करता येते, पण ३० मीटरच्या आत कधीच नाही. ठीक आहे. पण नव्या पंपाच्या जागेचा नियम जुन्या पंपाच्या टाकीचे छिद्र बुजवत नाही. वस्तीच्या बोअरवेलशेजारी तीस वर्षांपूर्वीचा पंप असेल, तर त्या टाकीचे वय किती, भिंत एक की दोन, शेवटची तपासणी कधी झाली आणि तिचा कागद कुठे आहे? माहिती अधिकाराच्या एका अर्जात हे चारही प्रश्न बसतात.

संविधानाचे भवितव्य ते राबवणाऱ्यांवर अवलंबून राहील, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. आम्ही त्याचा अर्थ फक्त राज्यकर्त्यांपुरता घेत नाही. मुदत कोणती, पैसा कुठून, तपासणार कोण, वगळले कोणाला, हे प्रश्न विचारणारेही कायदा राबवणारेच असतात. अॅट्रॉसिटीचा कायदा असो, हाताने मैला उचलण्याच्या बंदीचा असो की टाकीचा, मंजुरीच्या दिवशी पेढे जरूर वाटा. दुसऱ्या दिवशी मात्र वही घेऊन तपासणीच्या तारखा लिहायला बसा.