छिन्नी बांधलेले हात

ब्राझीलमधल्या काँगोन्यास गावात चर्चच्या पायऱ्यांवर दगडाचे बारा संदेष्टे उभे आहेत. १८०० ते १८०५ या काळात ते कोरले अंतोनियो फ्रान्सिस्को लिस्बोआने. लोक त्याला म्हणत ‘अलेइजादिन्यो’, म्हणजे छोटा पांगळा. चाळिशीच्या आसपास त्याला जडलेला रोग बहुधा कुष्ठरोग असावा. त्यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. हात निकामी होत गेले, तेव्हा छिन्नी-हातोडा हाताला बांधून घेऊन तो काम करत राहिला. मदतीला कारागीर होतेच. त्याच्या मृत्यूनंतर ४४ वर्षांनी निघालेलं चरित्र सांगतं, की कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तो पहाटेच्या अंधारात कामावर जाई आणि रात्री परते. चरित्रकाराने थोडा मसाला घातला असेल. पण मूर्ती हवी, मूर्तिकार नको, हे चंद्रपूरकडच्या माणसाला नवं नाही.

कुष्ठरोग बोटं खातो, हा समज चुकीचा आहे. जंतू मारतो त्या नसा. मग चटका कळत नाही, घाव कळत नाही, जखम चिघळते आणि बोट आखडत जातं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं आणि वाकडी बोटं शस्त्रक्रियेने पुन्हा कामाला लावली. दगड घडवणाऱ्याचं नुकसान बोट झडण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. खरखरीत कुठे, गुळगुळीत कुठे, हे हात सांगेनासा होतो. ते डोळ्यांनी पाहायचं, आणि हाताला जखम झाली का तेही डोळ्यांनीच.

बाबा आमटे आणि साधनाताई वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आले ते १९५१ साली, मोजक्या रुग्णांसह. इथे अशा हातांनी दगड फोडला तो मूर्तीसाठी नव्हे, विहिरीसाठी. पाणी लागलं, भाजी पिकली, पण वरोऱ्यात ती कुणी घेईना! १९५४ मध्ये परदेशी स्वयंसेवक आले. ते रुग्णांसोबत राबले, तिथलंच जेवले. मग गावाची भीड हळूहळू चेपली. पुढे माग आले, सुतारकाम आलं. त्या वस्तूंवर कुणा एकाची सही नाही. अलेइजादिन्योला निदान टोपणनाव तरी मिळालं.

१९६४ मध्ये आनंदवनात कॉलेज सुरू झालं. भाजी नाकारणाऱ्या वरोऱ्याची पोरं तिथे शिकायला येऊ लागली.