परमुलखात रुजलेली माणसे

परभणीकडे 'पोरगा बाहेर गेलाय' म्हटले की ऐकणारा एवढेच विचारतो, 'सौदी की दुबई?' जिंतूर, पाथरी, मानवत, गंगाखेडच्या मोहल्ल्यांतून कित्येक वर्षे पोरे आखातात जात आहेत. ती रोजीसाठी जातात. करार संपला की परत येतात, कारण वीस-वीस वर्षे राबलेल्या परक्या मजुरालाही आपले मानायचे नाही, अशीच तिथल्या कायद्यांची रचना आहे. त्यांच्याविषयी कुणीतरी सविस्तर लिहिलेच पाहिजे. या लेखात मात्र आपल्याकडून परमुलखात गेलेली वेगळी माणसे आहेत. ती पगारासाठी गेली नव्हती, दुसऱ्याच्या युद्धातल्या जखमींची खिदमत करायला गेली होती.

१९१२ च्या ऑक्टोबरात बाल्कन राष्ट्रांनी तुर्कस्तानाविरुद्ध युद्ध पुकारले. हिंदुस्थानी मुसलमानांत त्याची मोठी खळबळ झाली. मौलाना मोहम्मद अली यांच्या 'कॉम्रेड'ने मदतीसाठी हाक दिली, गावोगाव वर्गणी जमली आणि डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय पथक उभे राहिले. डिसेंबरात ते मुंबईहून बोटीने निघाले. पथकात डॉक्टरांबरोबर अलीगढचे विद्यार्थीही होते. त्यांनी जखमा बांधायच्या, रुग्णांना उचलायचे, रात्री जागायचे. आपला परभणी जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्यातल्या शिकल्यासवरल्या मुसलमानाच्या डोक्यावर गोंड्याची लाल तुर्की टोपी असे. पण टोपी घालणे वेगळे आणि तुर्की शिपायाची सडलेली जखम धुणे वेगळे.

१९१३ च्या उन्हाळ्यात पथक परतले, पण अब्दुर रहमान पेशावरी हा अलीगढचा विद्यार्थी तिथेच राहिला. पेशावरच्या खात्यापित्या घरातला हा मुलगा. पथकात जाण्यासाठी त्याने स्वतःचे सामानसुमान विकले, असे सांगतात. तो तुर्की फौजेत शिरला, गॅलिपोलीच्या लढाईत जखमी झाला, पुढे मुस्तफा कमाल यांच्या बाजूने उभा राहिला. १९२० साली अनातोलू वृत्तसंस्था निघाली तेव्हा तिच्या पहिल्या पत्रकारांत तो होता. नंतर अंकारा सरकारने त्याला अफगाणिस्तानात आपला वकील म्हणून पाठवले. १९२५ साली इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यातच तो गेला. त्याचा चेहरामोहरा रऊफ बे यांच्याशी मिळताजुळता होता. मारेकऱ्यांना तेच हवे होते, असे त्या वेळी अनेकांना वाटले. दफनही तिथेच झाले.

या पथकाचे नाव निघाले की आपल्याकडे एक ठरलेला आक्षेप येतो : बघा, यांचे काळीज तेव्हापासून बाहेरच! पण पथकाचा प्रमुख पुढे काय झाला ते आक्षेप घेणारे सांगत नाहीत. डॉ. अन्सारी १९२७ साली मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जामिया मिल्लियाच्या उभारणीत ते होते, आणि १९३६ साली वारले तेव्हा ते राष्ट्रीय चळवळीतलेच होते. तुर्की जखमींना पट्ट्या बांधल्याने त्यांचे हिंदुस्थानीपण रतीभरही कमी झाले नव्हते.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी त्याच मुंबई बंदरातून दुसरे पथक निघाले. जपानने चीनवर चढाई केली होती. चिनी सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंकडे मदत मागितली आणि काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केले. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर बोटीत चढले : अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. त्यातले दोघे मराठी. चोळकर नागपूरचे, वयाने ज्येष्ठ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस सोलापूरचे, वय अठ्ठावीसही पुरे नव्हते.

हे सोलापूर कोणते, तेही लक्षात घ्यावे. १९३० मध्ये तिथे मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघे सोलापूरकर फासावर गेले : मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. कोटणीस तेव्हा वीस वर्षांचे होते. ज्या शहराने हे पाहिले, तिथल्या मुलाला परक्या सत्तेखाली चिरडलेला चिनी शेतकरी अगदीच अनोळखी वाटला नसणार, असे मला वाटते.

चीनमध्ये पाचही जणांच्या नावांना चिनी रूप मिळाले आणि शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडले गेले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'. पोचल्यावर काही महिन्यांतच वडील वारल्याची बातमी आली. परतायला कुणी नाव ठेवले नसते, पण ते पुढे येनानला गेले. मग बाकीचे एकेक करून मायदेशी निघाले; चोळकर आणि मुखर्जी आधी, नंतर अटल. कोटणीस आठव्या रूट आर्मीबरोबर डोंगराळ मुलखात हिंडत राहिले. इस्पितळ म्हणजे एखादे खेड्यातले घर किंवा देऊळ, औषधांचा तुटवडा, आणि शत्रू जवळ आला की खाटांसकट दुसरीकडे जायचे. ते चिनी बोलायला, वाचायला, लिहायला शिकले, चिनी विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. रुग्णाचे दुखणे दुभाष्याविना समजू लागले की मुलूख परका राहत नाही. १९४१ च्या जानेवारीत त्यांना बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख करण्यात आले. नॉर्मन बेथून हे कॅनडाचे डॉक्टर चिनी जखमींची सेवा करताना १९३९ मध्ये वारले होते. त्याच वर्षअखेरीस कोटणीसांनी परिचारिका-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ : 'यिन' म्हणजे हिंदुस्थान, 'हुआ' म्हणजे चीन. बाप मात्र त्याला साडेतीन महिनेच लाभला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले, वय बत्तीस.

ही कहाणी हिंदुस्थानात घरोघर नेली ती ख्वाजा अहमद अब्बास यांनी. त्यांनी १९४४ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. कोटणीसांच्या चीनवरच्या मायेबद्दल कुणी देशनिष्ठेचा दाखला मागितला नाही, आणि ते योग्यच झाले. पेशावरीच्या वाट्याला ती उदारता आपण का येऊ दिली नाही? एकाच्या ओढीत धर्म होता आणि दुसऱ्याच्या ओढीत विचारसरणी. कोटणीस शेवटच्या वर्षी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले होते. जखमीच्या उशाशी बसणाऱ्याच्या बाबतीत हा फरक मला तरी मोठा वाटत नाही.

१९६२ मध्ये भारत-चीन युद्ध झाले. यिनहुआ तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याच्या नावातले दोन देश एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते. तोही १९६७ मध्ये, ऐन चोविशीत गेला. त्याची आई मात्र त्यानंतरही अनेकदा भारतात आली, कोटणीसांच्या बहीण-भावंडांना सासरच्या माणसांसारखी भेटत राहिली. २०१२ च्या जूनमध्ये ती चीनमध्ये वारली. कोटणीसांची कबर उत्तर चीनमधल्या शिज्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात आहे. चिंग मिंगच्या दिवशी, म्हणजे त्यांच्याकडे पूर्वजांच्या कबरी झाडायच्या दिवशी, तिथली माणसे तिच्यावर फुले ठेवतात.