नाराज

नाराज (वि.; नाम : नाराजी, स्त्री.) – मनाजोगते न घडल्याने, त्यातही कोणाच्या तरी वागण्याने, खट्टू झालेला, असंतुष्ट.

व्युत्पत्ती : फार्सी 'ना' हा नकारार्थी उपसर्ग + अरबी 'राज़ी' (संमत, संतुष्ट). फार्सीत 'नाराज़ी' हेच विशेषण आहे. हिंदुस्थानात त्यातली ई गळून 'नाराज' उरले आणि खूश–खुशी या जोडीच्या धर्तीवर 'नाराजी' हे नाम ठरले असावे. मराठी उच्चारात 'नाराज'मधला ज 'जाड'मधल्यासारखा. 'नाराजी'त पुढे ई आल्याने तो 'जीभ'मधल्यासारखा होतो.

राजी, मर्जी आणि रजा ही याच अरबी धातूची भावंडे. रजा म्हणजे मुळात संमती. वरिष्ठाने जाण्यास दिलेली ती संमती पुढे सुट्टी झाली.

राजीनामा : या कुळातला सर्वांत मोलाचा शब्द. अक्षरशः 'संमतीचा कागद'. हिंदी-उर्दूत त्याचा अर्थ आजही समेटपत्र असाच असून पद सोडण्याला तिकडे 'इस्तीफा' म्हणतात. मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू व तमिळमध्ये मात्र राजीनामा म्हणजे पदत्याग. या अर्थामागे जमिनीचे दप्तर असावे. मुंबई इलाख्याच्या रयतवारीत जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत. फेरफारांच्या जुन्या कागदांत 'राजीनामा-कबुलायत' ही जोडी एकत्रच भेटते. सोडण्याला दिलेली संमती हळूहळू सोडणेच बनली. खरेदीखतातले 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो' हे वाक्य मूळ अर्थ अजून जपून आहे. दस्तलेखकांनी ते टाकू नये. 'नाराज मंत्र्याचा राजीनामा' या नित्याच्या मथळ्यात एकाच धातूचा नकार आणि होकार शेजारी बसतात, हे सहसा ध्यानात येत नाही.

प्रयोग : ज्याच्याबद्दल तक्रार त्याला 'वर' लागतो : 'थोरला भाऊ वाटणीनंतर धाकट्यावर नाराज आहे.' परिस्थितीबद्दलच्या अतृप्तीला 'असमाधानी' अधिक नेमका. रुसणे याहून वेगळे : रुसलेल्याला समजूत काढून हवी असते, नाराज माणूस पंगतीला बसतो, जेवतो आणि न बोलता उठून जातो. राजकीय बातम्यांत 'नाराज गट', 'नाराजांची मनधरणी', 'नाराजीनाट्य' हे प्रयोग रूढ.

इतर रूपे : नाराजगी (हिंदीवरून).