चर्नोबिलचा अपघात आणि घरचें ताट

दूर कोठें अणुभट्टीस अपघात झाल्याचें वृत्त आलें म्हणजे आपण प्रथम विचारतों, ती येथून किती कोसांवर? परंतु कोणाच्या शरीरांत किती किरणोत्सर्ग गेला, हें केवळ अंतरावरून ठरत नाहीं, अशी इतिहासाची साक्ष आहे.

२६ एप्रिल १९८६ रोजीं युक्रेनमधील चर्नोबिल येथें अणुभट्टीचा स्फोट झाला. तींतून निघालेलें आयोडीन-१३१ गवतावर पडलें, गाईंच्या दुधांत उतरलें, आणि तें दूध पिणाऱ्या मुलांच्या कंठग्रंथींत सांठलें. ह्या द्रव्याचा प्रभाव सुमारें आठ दिवसांत निम्मा होतो. त्यामुळें पहिल्या कांहीं आठवड्यांत ज्यांच्या गळ्याशीं मापकयंत्र धरलें गेलें, त्यांचेंच प्रत्यक्ष मोजमाप झालें. इतरांची मात्रा काढतांना शास्त्रज्ञांस त्यांच्या आठवणींचा आधार घ्यावा लागला. दूध कोठलें होतें, किती प्यालां, गांव केव्हां सोडलेंत? पुढें त्या मुलांत कंठग्रंथीच्या कर्करोगाचे हजारों रोगी आढळले, तेव्हां ह्या साध्या प्रश्नांचें मोल जगास कळलें.

हा प्रश्न महाराष्ट्रांतहि आला, तो लोण्याच्या रूपानें. आयर्लंडहून आलेल्या लोण्यांत चर्नोबिलचा अंश असल्याची शंका घेऊन डॉ. शिवराव वागळे प्रभृतींनीं प्रथम मुंबईच्या उच्च न्यायालयांत व नंतर सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयानें तज्ज्ञांची समिति नेमली आणि लोणी अपायकारक नाहीं हा तिचा निर्वाळा मान्य करून १९८८ सालीं प्रकरण निकालांत काढलें. अर्जदार हरले खरे. परंतु आपल्या अन्नांत काय व किती आहे, हें विचारण्याचा नागरिकाचा मार्ग त्यांनीं दाखविला.

भंडारा जिल्ह्यांत अणुभट्टी नाहीं. तरीहि असा हिशेब करण्याचा प्रसंग आलाच, तर तो येथील भातापासून आणि तलावांतील मासळीपासून सुरू करावा लागेल. शिवाय केवळ नंतरचा आंकडा पुरत नाहीं. माती, पाणी, किंबहुना आपल्या शरीरांतील पोटॅशियमहि मुळांत किंचित् किरणोत्सर्गी असतें. आधींचा आंकडा ठाऊक नसेल, तर वाढ झाली कीं नाहीं हें सांगणार कसें? तारापूरची वीज १९६९ सालीं मिळूं लागली. तत्पूर्वींच तेथील परिसराची तपासणी आरंभिली होती, ती ह्याचसाठीं.

भयानें मात्रा वाढत नाहीं, आणि नुसत्या आश्वासनानें ती कमी होत नाहीं. ती मोजावी लागते, वेळेवर मोजावी लागते. आणि ज्याच्या ताटांतील अन्न मोजलें, त्याला तो आंकडा सांगावा लागतो.